यूएसबीतला उतारू

ध्वनिमुद्रणाच्या आमच्या खोलीत एका वेळी तीन माणसं मावतात, तीही त्यांचे आपसांत बरे संबंध असतील तर. त्या सोमवारी सकाळी तिथं एकोणीस जण होते. शिपाई स्टुलावर चढला होता, दोन टंकलेखिका एकाच खुर्चीत बसल्या होत्या, आणि उरलेले दारातून माना लांब करून बघत होते. मधोमध, माझ्या फिरत्या खुर्चीत, डोळे मिटून यंत्रमहाराज बसले होते. अंगात निळा झगा, गळ्यात तांब्याच्या तारांची माळ, आणि समोर आमचा कॉम्प्युटर.

"यंत्रावर पडदा टाका," महाराज डोळे न उघडता म्हणाले. "आता त्याची शुद्धी होणार आहे. चारचौघांत त्याला लाज वाटते."

शिपायानं लगबगीनं मॉनिटरवर निळं कापड टाकलं. महाराजांनी झग्यातून तांब्याची तार गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह काढला, कपाळाला लावला आणि यंत्रात खुपसला. मग कापडाखाली डोकं घालून ते पुटपुटू लागले. एका हातानं घंटा वाजत होती. दुसरा हात कीबोर्डवर होता, कारण बीजाक्षरं म्हणे यंत्राच्या कानात बोटांनीच सांगावी लागतात.

यंत्र एकदा बंद झालं, पुन्हा सुरू झालं. "पुनर्जन्म!" महाराज गरजले. मग त्यांनी आमचा एक साधा पेनड्राइव्ह लावायला सांगितला. ज्या कामाला गेले दोन आठवडे पावणेतीन तास लागत होते, ते नऊ मिनिटांत झालं. एका टंकलेखिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. शिपाई स्टुलावरून पडता पडता वाचला आणि त्याचंही श्रेय महाराजांनाच मिळालं.

मी स्वतःला नास्तिक समजतो. तरी त्या दिवशी मीही हात जोडले, हे इथंच कबूल करून टाकतो. एकोणीस माणसांत आपले एकट्याचेच हात मोकळे असले की ते कुठं ठेवावेत हे सुचत नाही.

आता आमचं काम काय ते सांगतो. आमचं श्राव्य वाचनालय आहे. अंध विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं आम्ही माणसांकडून वाचून घेतो, ध्वनिमुद्रित करतो, पेनड्राइव्हवर उतरवतो आणि टपालानं घरोघर पाठवतो. मी ध्वनिमुद्रक. त्या वर्षी एकशे सत्तर मुलं होती आणि परीक्षा सात आठवड्यांवर आली होती. नेमक्या त्याच वेळी संचालकबाईंच्या धाकट्या दिरानं आमचा कॉम्प्युटर दुरुस्त केला.

बाई त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून सगळं ऑफिसच त्यांना भाऊजी म्हणायचं. भाऊजींना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं भाऊजींचं मत होतं. यंत्र अधूनमधून अडकतं अशी तक्रार होती. भाऊजींनी एका दुपारी त्यातलं सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं टाकली, हात झटकले आणि म्हणाले, "घ्या, नवं कोरं!" यंत्र खरंच नव्यासारखं चालू लागलं. फक्त त्याला काही जोडलं की ते ढिम्म व्हायचं. पेनड्राइव्ह लावा, हार्ड डिस्क लावा, सगळे यूएसबी पोर्ट मुंगीच्या पावलानं चालायचे. एका मुलाचा संच उतरायला पावणेतीन तास. एकशे सत्तर संच परीक्षेच्या आत जाणं शक्यच नव्हतं.

भाऊजींनी केबल बदलल्या, पेनड्राइव्ह बदलले, यंत्राची जागा बदलली, शेवटी खिडकीचा पडदासुद्धा बदलला. आपलं काही चुकलं असेल ही एकच शक्यता त्यांनी तपासली नाही. मग ते यंत्रमहाराजांना घेऊन आले.

पहिल्या सोमवारचा चमत्कार पाहिलाच तुम्ही. संध्याकाळी सहानंतर मात्र यंत्र पुन्हा मुंगीवर आलं. भाऊजींनी घाबरून फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "माझी कृपा सूर्यास्तापर्यंतच टिकते. आत कुणीतरी आहे. पुढल्या सोमवारी बघतो."

पुढल्या सोमवारी पुन्हा कापड, घंटा, पुनर्जन्म आणि नऊ मिनिटं. मग महाराजांनी निदान सांगितलं.

"यूएसबीतला बी म्हणजे काय?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

"बस," भाऊजी पहिल्या बाकावरच्या मुलासारखे म्हणाले.

"बस! आता मला सांगा, बस सावकाश का चालते? कारण आत एक उतारू असा बसलाय की ज्याचं उतरायचं ठिकाण मागेच गेलं, पण तो उतरत नाही. वेग म्हणजे काय? आत्म्याची मोकळीक. मेगाबाइट म्हणजे काय? मनाचा बोजा. तुमच्या या यंत्रात एका मेलेल्या माणसाचा आवाज आहे. आहे की नाही?"

अर्थातच होता.

इतिहास आणि नागरिकशास्त्र ही दोन्ही पुस्तकं मास्तरांनी वाचलेली होती. निवृत्त शिक्षक; अकरा वर्षं आमच्याकडे फुकट वाचत होते. दोन महिन्यांपूर्वी गेले. वाचनालयाच्या दाराशी त्यांच्या निधनाची बातमी चौकटीत लावलेली होती, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला ती वाचावीच लागे. महाराजांनाही डोळे होतेच.

"तो आवाज पुसायचा," महाराज म्हणाले. "मूळ प्रतही आणि राखीव प्रतही. तोवर त्या आवाजाचा एकही पेनड्राइव्ह बाहेर जाता कामा नये, नाहीतर मुलांच्या घरची यंत्रंही बसतील. पुढच्या सोमवारी माझ्यासमोर पुसा. मग ही कृपा कायमची राहील. आणि रिकाम्या झालेल्या जागी," इथं त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, "माझं चाळीस मिनिटांचं प्रवचन घाला. प्रत्येक संचाच्या सुरुवातीला. लेकरांना तेवढाच आधार."

एकशे सत्तर मुलं, परीक्षेच्या तोंडावर, इतिहासाऐवजी प्रवचन ऐकणार होती. मला वाटलं, बाई आता याला हाकलणार. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे, महाराज."

त्या संध्याकाळपर्यंत दोन सोमवार मिळून ऐंशी पेनड्राइव्ह भरून झाले. ते सगळे कपाटात बंद झाले.

या सगळ्या गर्दीत एकजण भिंतीला टेकून उभी होती. ती आमची ताई, वाचनालयाची श्रवण-तपासनीस. जन्मापासून तिला दिसत नाही. प्रत्येक पुस्तक बाहेर जाण्याआधी ती संपूर्ण ऐकते आणि येऊन सांगते, "पान एकशे बारा, तिसरी ओळ, 'शतक' हवं, 'शतके' वाचलंय." आमच्या कॉम्प्युटरवर ती काम करायला बसते तेव्हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम चालू करते. पत्र्यासारख्या आवाजात तो दिसेल ते सगळं वाचतो, हवं ते आणि नको तेही. ती स्वतः मास्तरांचाच इतिहास ऐकून परीक्षा पास झालेली.

त्या दुसऱ्या सोमवारी, सगळे पांगल्यावर, ताई मला म्हणाली, "संध्याकाळी सहापर्यंत थांबशील?"

"कशाला?"

"मास्तर बसमध्ये कसे चढतात ते ऐकायचंय."

आम्ही थांबलो. यंत्र झपाट्यानं काम करत होतं. तिच्या मनगटावरचं बोलकं घड्याळ म्हणालं, "सहा वाजले," आणि त्याच क्षणी यंत्रातून 'टुं-डुं' असा आवाज आला. पेनड्राइव्ह उपसला की येतो तोच. पेनड्राइव्हला तर कुणी हात लावला नव्हता. लगेच 'डुं-टुं' झालं, आणि चार मिनिटं उरलेलं काम एक तास दहा मिनिटांवर गेलं.

मी खुर्ची मागे सरकवली. ताई मात्र हसत होती.

"आज सूर्यास्त कितीला आहे?" तिनं विचारलं. मी फोनमध्ये पाहिलं. सहा एकेचाळीस.

"म्हणजे कृपा एकेचाळीस मिनिटं आधीच संपली. आणि दुसरं सांग, सहाच्या ठोक्याला हजर होणारं भूत मास्तरांचं कसं असेल? अकरा वर्षांत तो माणूस एकदा तरी वेळेवर आला होता का?"

खरं होतं. दहाची वेळ दिली की मास्तर पावणेअकराला यायचे आणि वर विचारायचे, "अजून सुरू नाही केलंत?"

"सकाळीही हेच दोन आवाज आले," ताई म्हणाली, "अगदी घंटा वाजत होती तेव्हा. तुम्ही सगळे घंटा ऐकत होतात. त्याआधी कीबोर्डच्या कळा वाजल्या. बीजाक्षरं वगैरे नाही, कुठलाही प्रोग्रॅम बसवताना मी दाबते त्याच कळा. बाण, बाण, एंटर. बाण, एंटर. आणि हो, भाऊजींनी यंत्र नवं केलं त्या दिवसापासून पेनड्राइव्ह लावला की कोपऱ्यात एक सूचना येते. तुम्ही ती न वाचताच बंद करता. माझा प्रोग्रॅम मला वाचून दाखवतो: हे उपकरण याहून वेगाने चालू शकते. मी भाऊजींना सांगितलंही होतं."

"मग?"

"म्हणाले, असलं काहीबाही येतच असतं, बंद करून टाकायचं."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं मला यंत्राचा डबा उघडायला लावला. आतल्या मुख्य पाटीवरचं, म्हणजे मदरबोर्डवरचं, नाव आणि नंबर मी वाचून दाखवला. बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या पाटीचे ड्रायव्हर तिला दहा मिनिटांत सापडले. ड्रायव्हर म्हणजे काय, हे तिनं मला समजावलं तेच तुम्हाला सांगतो. यंत्रातल्या प्रत्येक भागाशी कसं बोलायचं हे ऑपरेटिंग सिस्टीमला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम. भाऊजींनी जुन्या सिस्टीमबरोबर तोही पुसला होता आणि परत घातलाच नव्हता. पोर्टशी जलद कसं बोलायचं हे सिस्टीमला माहीत नव्हतं, म्हणून ती जुन्या, सगळ्यात सावकाश रीतीनं बोलत होती. यात मेलेलं कुणी नव्हतं. राहून गेलेलं एक काम होतं.

"आत्ताच टाकू या," मी उतावीळ होऊन म्हणालो.

"आणि मग? महाराज म्हणतील, माझी कृपा पाच दिवस आधीच पोचली. भाऊजी टाळ्या वाजवतील, बाई घाबरलेल्याच राहतील आणि मास्तर सोमवारी पुसले जातील. नाही. आधी सहा वाजता काय होतं ते शोधू."

तेही सापडलं. ठरल्या वेळी ठरलेलं काम आपोआप करण्याची सोय कॉम्प्युटरमध्ये असते. त्या यादीत एक नोंद होती. पत्र्याच्या आवाजानं ती आम्हाला वाचून दाखवली आणि मी कपाळावर हात मारला.

त्याच दुपारी एका मुलीचा फोन आला. "सर, इतिहास कधी येणार? बाकीचं सगळं वर्गात ऐकून पाठ झालं." मी म्हणालो, मंगळवारी टपालात पडेल. कुठल्या भरवशावर म्हणालो, देव जाणे. देव तर त्या आठवड्यात महाराजांच्या ताब्यात होता.

तिसरा सोमवार उजाडला. या वेळी खोलीत तेवीस जण. कापड पडलं, घंटा वाजली, पुनर्जन्म झाला, पेनड्राइव्ह धावू लागला. महाराजांनी बाईंना पुढे बोलावलं. "आता तुमच्या हातानं पुसा. मुक्ती द्या त्याला."

बाईंनी माऊसवर हात ठेवला.

"महाराज, एक शंका होती," मागून ताईचा आवाज आला.

"ताई, ही काय वेळ आहे का?" भाऊजी चिडले.

"वेळेबद्दलच विचारायचंय. महाराज, तुमची कृपा सूर्यास्तापर्यंत असते ना? मग सूर्य मावळला हे यंत्राला कसं कळतं? या खोलीला तर खिडकीच नाही."

"मुली, यंत्राला अंतर्दृष्टी असते," महाराज गोड हसले. "तुला समजायला जड जाईल."

"असेल. माझ्या मते ते घड्याळ बघतं." ताई माझ्याकडे वळली. "लाव रे."

मी पुढे झालो आणि यंत्राच्या घड्याळात सकाळचे अकरा वीस होते तिथं संध्याकाळचे पाच एकोणसाठ केले. महाराजांचा हात पटकन घंटेकडे गेला, पण ताईनं पुढे येतानाच ती उचलून पिशवीत टाकली होती. एक मिनिट किती लांब असतं ते मला त्या दिवशी कळलं.

टुं-डुं. डुं-टुं.

तीन मिनिटं उरलेलं काम पन्नास मिनिटांवर गेलं.

"सूर्य मावळला," ताई म्हणाली. "सकाळी अकरा एकवीसला."

"शंका!" महाराज ताडकन उठले. "हिच्या शंकेनं कृपा पळाली! जिथं शंका तिथं मी थांबत नाही!"

"थांबा ना दोन मिनिटं, चहा येतोय," ताई म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिनं आपला प्रोग्रॅम चालू केला. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतले स्पीकर ते, प्रत्येक शब्द भिंतीपर्यंत स्वच्छ पोचला. "कार्याचे नाव, संध्या. वेळ, दररोज, अठरा वाजता. काम, यूएसबी ड्रायव्हर काढून टाकणे. तयार केल्याची वेळ, सोमवार, अकरा वाजून सात मिनिटे." आणि तारीख.

ती पहिल्या सोमवारची तारीख होती.

बाईंनी माऊसवरचा हात काढला. "त्या दिवशी अकरा वाजून सात मिनिटांनी," त्या सावकाश म्हणाल्या, "कापडाखाली कोणाचं डोकं होतं?"

एकवीस माणसं एका निळ्या झग्याकडे बघत होती.

"शंकेचाही निकाल लावून टाकू," ताई म्हणाली. तिनं त्या नोंदीची एक प्रत ठेवून घेतली आणि नोंद पुसली. कंपनीच्या साइटवरून आणलेला ड्रायव्हर टाकला, सगळ्यांदेखत, बिनाकापडाचा. यंत्र बंद होऊन सुरू झालं. मी घड्याळ पुन्हा पाच एकोणसाठवर नेलं. "आता सगळ्यांनी मनापासून शंका घ्या. मोठ्यांदा घेतली तरी चालेल."

"मला नाही पटत!" शिपाई स्टुलावरून ओरडला. "सगळं थोतांड आहे!" टंकलेखिका म्हणाली. पहिल्या सोमवारी रडलेली तीच. मिनिटभर खोलीत शंकांचा नुसता बाजार भरला. सहा वाजले. सहा वाजून एक मिनिट झालं. यंत्रातून काहीही आवाज आला नाही आणि पेनड्राइव्ह नऊ मिनिटांत भरला.

यंत्रमहाराज तोवर दारापर्यंत सरकले होते. "यंत्र तुम्हाला क्षमा करील," ते जाता जाता म्हणाले. बाईंनी त्यांना हाक मारून थांबवलं आणि प्रवचनाचा पेनड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला. "हा राहिला. आणि पुन्हा या दारात दिसलात तर ती नोंद घेऊन मी पोलिसांत जाईन."

गर्दी ओसरल्यावर भाऊजी कोपऱ्यात उभे होते. "वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं हो," ते म्हणाले. ते खरंही होतं. त्यांना ड्रायव्हर माहीत नव्हता आणि महाराजांची लबाडीही माहीत नव्हती. 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी उच्चारले असते तर महाराज आमच्या दारापर्यंत पोचलेच नसते. बाईंनी कपाट उघडलं आणि भाऊजींच्या पुढ्यात रिकामी पाकिटं आणि पत्त्यांची यादी ठेवली. भाऊजी मुकाट्यानं बसले.

मग बाई ताईजवळ येऊन बसल्या. मी केबल गुंडाळत होतो, म्हणून ऐकलं.

"तुला वाटत असेल, ही एवढी शिकलेली बाई अशी कशी फसली," त्या म्हणाल्या. "मास्तर आजारी होते गं. शेवटचे दोन धडे राहिले होते. मीच घरी फोन करून म्हटलं, तेवढे संपवून टाका. ताप अंगात घेऊन आले. मध्ये मध्ये पाणी पीत वाचलं. त्यानंतर तीन आठवड्यांत गेले. तो माणूस म्हणाला ना, आत कुणीतरी अडकलंय, तेव्हा मला वाटलं, मीच अडकवलंय त्यांना."

ताई म्हणाली, "ते दोन्ही धडे ऐकलेत मी. धापा टाकतायत, पण मजेत आहेत. एका ठिकाणी सनावळीत चुकले आणि स्वतःलाच म्हणाले, 'बस खाली, शून्य मार्क.' तेवढं मी काढायला सांगितलं नाही. बाई, त्यांना यायचं होतं म्हणून ते आले. नको असतं तर पावणेअकरालाही आले नसते."

बाई रडल्या. चांगल्या रडल्या. मी केबल दुसऱ्यांदा गुंडाळली.

शुक्रवारपर्यंत एकशे सत्तरच्या एकशे सत्तर संच टपालात पडले, इतिहासासकट.

हे लिहून झाल्यावर मी ताईला वाचून दाखवलं. तिनं एकच ताकीद दिली. "आंधळीला डोळसांपेक्षा जास्त दिसलं, असलं काही लिहू नकोस. मला काही दिसलं नाही. मी ऐकलं, वेळ टिपली आणि करून पाहिलं. तुम्हा एकवीस जणांनाही कान होते." म्हणून तसं लिहीत नाही.

यंत्रमहाराज सध्या कुठं आहेत ते मला ठाऊक नाही. कदाचित तुमच्याच ऑफिसात निळं कापड अंथरत असतील. या माणसांना यंत्रातलं थोडं कळतं आणि माणसातलं पुष्कळ कळतं. आपल्या मनात भीती कुठं आहे, पश्चात्ताप कुठं आहे, हे ते आधी हुडकतात आणि नेमकं तिथं बोट ठेवतात. दुखऱ्या जागी बोट ठेवलं की आपण प्रश्न विचारायचं विसरतो. माझं सांगणं एवढंच, की तेव्हाच विचारा. कापड बाजूला करायला लावा. पुन्हा करून दाखवायला सांगा, आपल्या वेळेला, आपल्या हातानं. खरं असेल ते शंकेनं पळून जात नाही. आणि आपल्याला एखादी गोष्ट कळत नसेल तर कळत नाही म्हणावं, आणि ज्याला कळतं त्याला विचारावं. त्यात लाज कसली?